वादळांचे साक्षीदार

चैत्र-वैशाखांतल्या दुपारीं श्रीरामपुरांतून कोणत्याही रस्त्यानें गांवाबाहेर पडावें, म्हणजे नांगरलेल्या काळ्या रानांतून उठलेली एखादी वावटळ हटकून दृष्टीस पडते. धूळ, उसाचें पाचट आणि कागदाचे कपटे गरगर फिरवीत ती दोन-चार शेतें ओलांडते आणि कालव्याच्या कांठीं येऊन विरून जाते. वावटळींत भूत असतें, असें सांगून लहानपणीं वडील माणसें आम्हांस घरांत ओढीत. पण दाराच्या फटींतून तिच्याकडे पाहण्याचा मोह आम्हांस कधींच आवरला नाहीं. भय आणि कुतूहल यांचें हें भांडण मनुष्याइतकेंच जुनें आहे. त्यांतील कुतूहलाची बाजू घेऊन जे लोक दाराबाहेर पडले, आणि जें पाहिलें तें लिहून ज्यांनीं इतरांच्या हवालीं केलें, त्यांचा थोडासा इतिहास येथें सांगावयाचा आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. आमची वावटळ निरभ्र आकाशाखालीं, तापलेल्या जमिनीवरून वर चढते. अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांत ज्यास टोर्नेडो म्हणतात, तो याच्या उलट गडगडणाऱ्या मेघाच्या पोटांतून खालीं उतरतो, आणि त्याची सोंड जमिनीस टेकली म्हणजे घरेंच्या घरें उखडून टाकतो. अशा मेघांच्या मागें मोटार घेऊन धांवणाऱ्या लोकांचा तेथें एक पंथच झाला आहे. डेव्हिड होडली नांवाचा गृहस्थ १९५६ पासून या नादास लागला, आणि १९७७ मध्यें त्यानें 'स्टॉर्म ट्रॅक' या नांवाचें एक छोटें पत्रक सुरू केलें. कोणत्या दिवशीं, कोठें, काय दिसलें, हें समानधर्मी लोकांनीं एकमेकांस कळवावें, हा त्याचा हेतु.

हा छंद बाहेरून केवळ साहसाचा वाटतो. परंतु त्याची खरी किंमत साहसांत नाहीं. २० जून १९५७ रोजीं फार्गो शहरावर टोर्नेडो कोसळला, तेव्हां तेथील सामान्य नागरिकांनीं आपापल्या जागेवरून त्याचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. मूळचे जपानी शास्त्रज्ञ टेट्सुया फुजिता यांनीं अशीं सुमारें दोनशें चित्रें गोळा केलीं, प्रत्येक चित्र कोठून व केव्हां घेतलें हें ठरविलें, आणि त्या वादळाच्या जन्मापासून अंतापर्यंतचा पट मांडला. पुढें १९७१ मध्यें टोर्नेडोची तीव्रता ठरविण्याचें जें माप त्यांनीं दिलें, तेंही मागें राहिलेल्या पडझडीच्या साक्षीवरच आधारलेलें आहे.

मात्र ही रीत मोटारी आणि कॅमेरे यांच्याबरोबर जन्मास आली, असें नव्हे. १८२१ च्या सप्टेंबरांत कनेक्टिकट प्रांतावरून एक मोठें वादळ गेलें. त्यानंतर त्या मुलखांतून प्रवास करीत असतां विल्यम रेडफील्ड या मूळच्या खोगिरें बनविणाऱ्या कारागिरास असें दिसलें कीं, एका ठिकाणचीं झाडें ज्या दिशेस पडलीं आहेत, त्याच्या उलट दिशेस दूरच्या दुसऱ्या ठिकाणचीं पडलीं आहेत. म्हणजे वारा सरळ गेला नाहीं, फिरत गेला. हजारों लोकांनीं तीं झाडें पाहिलीं असतील आणि त्यांची मोळी बांधली असेल. रेडफील्डनें त्यांच्या दिशा पाहिल्या आणि १८३१ मध्यें तें अनुमान छापून प्रसिद्ध केलें.

हिंदुस्थानांत हें काम हेन्री पिडिंग्टन यानें हातीं घेतलें. हा पूर्वीं जहाजावरील कप्तान. पुढें कलकत्त्यास स्थायिक झाला. १८३९ पासून तेथील एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यानें या बाजूच्या समुद्रांतील वादळांवर निबंधांमागून निबंध लिहिले. त्यांतील सामग्री त्यानें स्वतः पाहिलेली थोडी, इतरांकडून मागून घेतलेली फार. वादळांत सांपडून वांचलेल्या जहाजांच्या रोजनिश्या त्यानें मिळविल्या. कोणत्या वेळीं वारा कोणत्या दिशेचा होता, वायुभारमापकांतील पारा किती उतरला, हें सर्व एका नकाशावर मांडलें. एकेका कप्तानास आपल्या जहाजाभोंवतीं नुसता काळोख दिसला होता. पिडिंग्टनला त्या सर्वांच्या नोंदींतून एक वर्तुळ दिसलें. १८४८ मध्यें खलाशांसाठीं लिहिलेल्या आपल्या पुस्तकांत त्यानें त्या वर्तुळास 'सायक्लोन' हें नांव दिलें. वेटोळें घातलेल्या सर्पाचा भाव असलेल्या ग्रीक शब्दावरून तें घेतलें होतें. आज जगभर रूढ असलेला हा शब्द अशा रीतीनें कलकत्त्यांत घडला. १८५३ मध्यें मातला नदीवर नवें बंदर बांधण्याचें घाटत होतें, तेव्हां वादळाची लाट त्यास गिळील, असा इशारा पिडिंग्टननें सरकारास दिला. तो कोणीं मनावर घेतला नाहीं. १८५८ मध्यें तो वारला. आणि १८६७ च्या वादळानें त्या कॅनिंग बंदराची धूळधाण केली.

इकडे मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्येंच स्थापन झाली होती, आणि १८४१ पासून तेथें हवामानाचे नियमित वेध घेतले जाऊं लागले. त्या वेधशाळेशीं निगडित असलेलीं कांहीं नांवें मराठी वाचकांस अन्य कारणांनीं परिचित आहेत. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे कांहीं काळ तिचा कारभार होता. आणि केरो लक्ष्मण छत्रे हे पंधरा-सोळा वर्षांचे असतांना प्रा. ऑर्लिबार यांचे साहाय्यक म्हणून तेथें लागले. केरूनाना पुढें गणिताचे थोर अध्यापक आणि लोकमान्य टिळकांचे गुरु म्हणून कीर्तीस चढले. परंतु ठरल्या वेळीं उपकरणासमोर उभें राहावयाचें आणि जो आंकडा दिसेल तोच लिहावयाचा, आपल्यास आवडेल तो नव्हे, ही शिस्त त्यांच्या अंगीं प्रथम कुलाब्यास बाणली असावी, असें आम्हांस वाटतें. त्याच वेधशाळेचा भार कांहीं काळ वाहणारा डॉ. जॉर्ज ब्यूस्ट हा 'बॉम्बे टाइम्स'चा संपादक. यानें पत्रकाराच्या चिकाटीनें गारपिटींच्या हकीकती जमविल्या, आणि मार्च १८५१ ते मे १८५५ या काळांतील हिंदुस्थानांतल्या उल्लेखनीय गारपिटींचा वृत्तांत ब्रिटिश असोसिएशनपुढें ठेवला. समुद्रावरील वादळास जहाजाची रोजनिशी तरी होती. आडरानांत पडलेल्या गारांस ती कोठून असणार? ब्यूस्टनें ती उणीव भरून काढण्याचा यत्न केला.

अशा साक्षीची किंमत काय, हें मुंबईच्याच दोन वादळांवरून कळतें. १८५४ च्या नोव्हेंबरांत मुंबईवर एक भयंकर वादळ आलें. चार तासांत पांच लाख पौंडांची मालमत्ता बुडाली आणि सुमारें एक हजार माणसें प्राणांस मुकलीं, असें जुन्या वृत्तांतांत नमूद आहे. दुसरें वादळ १८८२ चें. त्यांत एक लाखावर माणसें मेलीं, असें अनेक पुस्तकांत छापलेलें आढळतें, आणि जगांतील मोठ्या आपत्तींच्या याद्यांत त्यास मानाची जागा मिळत आली. ॲडम सोबेल आणि त्यांचे सहकारी यांनीं त्या वर्षाचीं मूळ साधनें तपासलीं, आणि २०१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत निष्कर्ष काढला कीं, असलें वादळ मुळीं झालेंच नाहीं! एकानें लिहिलें, दुसऱ्यानें उतरून घेतलें, आणि तिसऱ्यानें दोघांचा आधार दिला. खऱ्या वादळांतील हजार माणसें आज कोणास आठवत नाहींत. आणि जीं लाख माणसें कधीं बुडालींच नाहींत, त्यांची मोजदाद मात्र ग्रंथोग्रंथीं चालू राहिली. साक्ष नसली म्हणजे विस्मृति तरी येते, नाहीं तर दंतकथा तरी.

आतां आमच्या मुलखाकडे वळूं. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागावर गारपीट झाली. नगर जिल्ह्यासही तिची झळ लागली. काढणीस आलेला गहू, हरभरा, कांदा मातीस मिळाला. मध्यंतरीं वर्गांत इतिहासाचीं साधनें हा विषय शिकवितांना आम्हीं विद्यार्थ्यांस सांगितलें कीं, त्या गारपिटीची तारीख, वेळ आणि गारा कोणत्या दिशेनें आल्या, एवढें आपापल्या घरीं विचारून या. आठवण सर्वांच्या घरीं ताजी होती. मधल्या वर्षांत गाराही लिंबापासून नारळाएवढ्या झाल्या होत्या. तारखांचा मात्र कांहीं केल्या मेळ बसेना.

एका विद्यार्थिनीबरोबर आम्ही तिच्या वस्तीवर गेलों. तिच्या आजीबाई म्हणाल्या, "तारीख-बिरीख मला काय ठावं नाय, सर, पर थोरल्या नातीच्या हळदीच्या दिशी झालं ते." पेटींतून लग्नपत्रिका निघाली आणि तारीख मिळाली. दिशेचें विचारतां त्यांनीं गोठ्याकडे हात केला. पत्र्याच्या मावळतीकडील उतारावर पोंचेच पोंचे. उगवतीकडील उतार जवळजवळ सपाट. रेडफील्डचीं पडलेलीं झाडें आणि आजीबाईंचा तो पत्रा यांत आम्हांस कांहींच अंतर वाटलें नाहीं. "गुरं सोडू का पोरांना आत घेऊ, तेच कळना. दोन शेरडं गेली," एवढें बोलून त्या गप्प झाल्या. पंचनाम्याच्या कागदावर त्यांचा गट नंबर, क्षेत्र आणि पिकाच्या नुकसानीची टक्केवारी उतरली होती. तें त्या कागदाचें कामच होतें. पण ती दुपार कोठेंच उतरली नव्हती.

हा केवळ आठवणींचा प्रश्न नाहीं. आतां महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु एका मंडळांत अनेक गांवें असतात, आणि गारांचा पट्टा पुष्कळदां अगदीं अरुंद असतो. केंद्राच्या डोक्यावर एक गारही न पडतां शेजारचें शिवार झोडपून निघूं शकतें. त्या शिवारांत त्या दिवशीं काय घडलें, हें सांगावयास तेथल्या माणसाखेरीज दुसरा कोण आहे?

कोणी म्हणतील, आतां प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा असतां साक्षीची वाण कसली? कॅमेरा आहे, हें खरें. गारा पडूं लागल्या कीं घरोघर मोबाइल बाहेर येतात, आणि तें चित्रण घटकाभरांत सगळ्या जिल्ह्यांत फिरतें. पण त्याच्याबरोबर गांवाचें नांव जात नाहीं, तारीख जात नाहीं, वेळ जात नाहीं. मागील सालचें वादळ यंदाचें म्हणून आणि परदेशांतलें वादळ आपलें म्हणून हातोहात खपतें. १८८२ चें खोटें वादळ रुजावयास पुष्कळ वर्षें आणि पुष्कळ पुस्तकें लागलीं असतील. आज तेंच काम एका दुपारींत उरकतें. फुजितांस ज्या चित्रांतून विज्ञान मिळालें, तीं चित्रें त्यांनीं नुसतीं पाहिलीं नाहींत. घेणाऱ्याची जागा आणि वेळ त्यांनीं शोधून काढली, हें विसरूं नये.

तसेंच साहसाचें वेड कोणीं लावून घेऊं नये. टिम समारास या अमेरिकन अभियंत्यानें २००३ मध्यें टोर्नेडोच्या वाटेवर आपलें उपकरण ठेवून त्याच्या पोटांतील वायुभार १०० मिलिबारनें उतरल्याची नोंद मिळविली. तो सावधपणाबद्दल नांवाजलेला होता. तरीही ३१ मे २०१३ रोजीं ओक्लाहोमांतील एल रेनो येथें तो, त्याचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघेही टोर्नेडोंत सांपडून मरण पावले. आमच्या मुलांनीं विजा कडकडत असतां रानांत धांवावें, असें आम्ही स्वप्नांतही सुचविणार नाहीं. गारा थांबल्यावर बाहेर यावें. एक गार फूटपट्टीशेजारीं ठेवून तिचें चित्र घ्यावें. तारीख, गांव, वेळ, वाऱ्याची दिशा लिहावी. आणि जें पाहिलें नाहीं तें लिहूं नये. एवढ्यास एक वही आणि थोडा प्रामाणिकपणा पुरतो. गांवोगांवच्या शाळांतून अशी एकेक वही राहिली, तर पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकास या प्रवराकांठच्या वादळांचा खरा पट मांडतां येईल.

आमच्या त्या विद्यार्थिनीनें अशी वही सुरू केली आहे. तिच्यांतील पहिली नोंद लग्नपत्रिकेवरून उतरून घेतलेल्या तारखेची आहे. गारा मावळतीकडून आल्या, असें तींत लिहिलें आहे. आणि आजीची दोन शेरडें गेलीं, हेंही लिहिलें आहे.