उधारीच्या भिंती : उपाहारगृहांतील व्यंगचित्रांचा पूर्वेतिहास

एखाद्या अल्पोपहाराच्या दुकानात आठ-पंधरा दिवसांसाठी कार्टूनमधील पात्रांची चित्रे टांगायची, खाता खाता गिऱ्हाइकाने ती पाहावीत आणि जमल्यास विकत घ्यावीत अशी सोय करायची, आणि मुदत संपताच भिंती मोकळ्या करायच्या, अशा तऱ्हेची ‘पॉप-अप’ प्रदर्शने, म्हणजे कायमच्या दालनावाचून भरणारी तात्पुरती प्रदर्शने, सामान्यतः आजच्या जाहिरातयुगाची निपज समजली जातात. वस्तुतः खाण्याच्या जागी हसरी चित्रे लावण्याची रीत सव्वाशे वर्षांची तरी आहे, आणि तिच्या जडणघडणीत कलाप्रेमाइतकाच चित्रकाराच्या रिकाम्या खिशाचाही हात आहे.

या रीतीचे एक ठळक उदाहरण बार्सिलोनात सापडते. पॅरिसमधील मोंमार्त्र भागात १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘ल शा न्वार’ या मद्यगृहाचा कित्ता गिरवून १८९७ मध्ये बार्सिलोनात ‘एल्स क्वात्रे गात्स’ हे उपाहारगृह निघाले. त्याचा व्यवस्थापक पेरे रोमेउ हा पॅरिसच्या त्या मद्यगृहात काम करून आलेला होता, तर त्याच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत रामोन कासास आणि सान्तियागो रुसिन्योल हे चित्रकार होते. दर्शनी भिंतीवर कासासने स्वतःला आणि रोमेउला जोडसायकलवर बसवून काढलेले भव्य चित्र होते, आणि १९०१ मध्ये ते उतरवून त्याच जोडीला मोटारीत बसवलेले दुसरे चित्र तेथे चढले. भिंतीवरची थट्टासुद्धा वाहनांच्या फॅशनप्रमाणे बदलत होती. याच जागी फेब्रुवारी १९०० मध्ये अठरा वर्षांच्या पिकासोचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. कासासने आदल्याच वर्षी शहरातील प्रतिष्ठितांची कोळशाने काढलेली व्यक्तिचित्रे एका नामांकित दालनात मांडली होती. पिकासोने त्याला जबाब म्हणून आपल्या कफल्लक मित्रमंडळींचे चेहरे काढले आणि चौकटींना पैसे नसल्यामुळे सुटे कागद तसेच भिंतीला लावून टाकले. तात्पुरते, बिनचौकटीचे आणि खाणाऱ्या-पिणाऱ्यांच्या नजरेसमोर मांडलेले हे प्रदर्शन आजच्या पॉप-अपचे थेट पूर्वज म्हणता येईल, मात्र ते ज्या उपाहारगृहात भरले ते १९०३ मध्ये बंद पडले.

चेहऱ्यातील एखादे वैशिष्ट्य अतिशयोक्तीने फुगवून काढलेल्या चित्राला मराठीत अर्कचित्र म्हणतात. त्याचा उपाहारगृहाशी रीतसर करार झाला तो न्यूयॉर्कमध्ये. नाट्यगृहांच्या वस्तीतील ‘सार्डीज’ हे भोजनगृह १९२७ मध्ये सध्याच्या जागी आले, तेव्हा मालक विन्सेंट सार्डी यांना गिऱ्हाईक ओढण्यासाठी काहीतरी वेगळे हवे होते, आणि पॅरिसच्या ‘झेलीज’ या क्लबातील नटनट्यांची अर्कचित्रे त्यांना आठवली. ॲलेक्स गार्ड या रशियन निर्वासित चित्रकाराशी त्यांनी जो व्यवहार ठरवला तो असा की, गार्डने नाट्यव्यवसायातील मंडळींची अर्कचित्रे काढावीत आणि मोबदल्यात त्याला रोज एक वेळचे जेवण मिळावे; शिवाय चित्रांबद्दल मालकाने तक्रार करायची नाही आणि जेवणाबद्दल चित्रकाराने. कलावंत आणि आश्रयदाता यांच्यातील इतका समजूतदार करार इतिहासात क्वचितच आढळेल. पुढे सार्डींच्या मुलाने कारभार हाती घेतल्यावर अटी सुधारण्याची तयारी दाखवली, परंतु गार्डने जुनाच व्यवहार पसंत केला आणि १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत सातशेहून अधिक चित्रे काढली. त्याच्यानंतरच्या चित्रकारांपैकी डॉन बेव्हन हा ‘स्टालाग १७’ या गाजलेल्या नाटकाचा सहलेखक होता, तर रिचर्ड बाराट्झ हा नोटांचे ठसे कोरणारा कारागीर होता.

सार्डीजच्या पद्धतीत एक बारकावा महत्त्वाचा आहे. ज्याचे चित्र त्याचीच सही चित्रावर घेतली जाई, आणि चित्र कागदावर काढून चौकटीत बसवले जाई. त्यामुळे ते हलवता येई, झाकता येई आणि अर्थात चोरताही येई. जेम्स कॅग्नी या नटाच्या मृत्यूनंतर १९८६ मध्ये त्याचे चित्र भिंतीवरून नाहीसे झाले, तेव्हापासून मूळ चित्राऐवजी प्रत टांगण्याची खबरदारी घेतली जाऊ लागली. त्याआधीच, १९७९ मध्ये, सार्डीजची २२७ चित्रे न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रयोगकलाविषयक संग्रहात जमा झाली होती.

त्याच शहरात थोड्या अंतरावर १९२६ मध्ये निघालेल्या ‘पाम’ या इटालियन भोजनगृहाची कथा निराळी आहे. ‘किंग फीचर्स’ ही संस्था, म्हणजे चित्रमालिका विकत घेऊन शेकडो वृत्तपत्रांना पुरवणारी मध्यस्थ पेढी, या भोजनगृहाच्या जवळच होती, आणि महिनाअखेरीस हात आखडलेले तिचे व्यंगचित्रकार जेवणाच्या बिलापोटी भिंतीवरच आपापली पात्रे काढून देत असत. ‘कॉस्टेलोज’ या पिठ्यात ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाचा जेम्स थर्बर यानेही १९३० च्या दशकात भिंतीवर चित्रे काढली, आणि ती उधारी फेडण्यासाठी काढली असेच पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. थर्बरची ती चित्रे पुढे नाहीशी झाली. पामचे मूळ भोजनगृह २०१५ मध्ये बंद झाले, तेव्हा थेट प्लास्टरवर काढलेली चित्रे सोडवून नेणे शक्य झाले नाही. उधारीच्या हिशेबात भिंत ही सर्वांत स्वस्त वही होती, पण जागेचा भाडेकरार संपला की ती वहीही संपली, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

मुंबईत हा व्यवहार वेगळ्या वळणाने गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यझ्द आणि केरमान या प्रांतांतून आलेल्या इराण्यांनी मोक्याच्या कोपऱ्यांवर हॉटेले थाटली. तेथे संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून-मस्का, मावा केक आणि पानी कम चहा हे सारे होते, परंतु भिंती मात्र आरशांनी, जरथुष्ट्राच्या तसबिरीने आणि गिऱ्हाइकांना दटावणाऱ्या सूचनांच्या पाट्यांनी अडवलेल्या होत्या. चित्रांना त्यांत जागा नव्हती. मराठी व्यंगचित्राचा मुक्काम तर दिवाळी अंकात होता: मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या ‘आवाज’ने खिडकीचित्रे, म्हणजे वरच्या पानाला झरोका कापून खालच्या चित्राचा दिशाभूल करणारा तुकडाच आधी दाखवणारी चित्रे, लोकप्रिय केली, आणि त्या खिडक्या उघडण्यासाठी हॉटेलात जाण्याची गरज नव्हती.

कुलाबा कॉजवेवर, रीगल चित्रपटगृहाजवळच्या मेट्रो हाउसमध्ये १९३२ पासून चालत आलेल्या ‘कॅफे मोंडेगार’ या इराण्याच्या हॉटेलाने मात्र आपल्या भिंती मारिओ मिरांडा यांच्या चित्रांना दिल्या. मूळचे गोव्यातील लोटलीचे आणि १९२६ मध्ये दमण येथे जन्मलेले मारिओ लहानपणी घराच्या भिंती रंगवू लागले, तेव्हा आईने त्यांच्या हाती कोरी वही दिली, अशी आठवण नोंदली गेली आहे. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकून, जाहिरात कंपनीत काही वर्षे काढून ते ‘इलस्ट्रेटेड वीकली’ आणि ‘टाइम्स’ समूहाच्या इतर नियतकालिकांकडे वळले, आणि मिस निंबूपानी, मिस फोन्सेका यांसारखी पात्रे त्यांनी घराघरांत पोहोचवली. मोंडेगारमधील त्यांच्या चित्रांत एका बाजूला शहराचे जीवन आहे, तर दुसऱ्या बाजूला कॅफेतीलच वातावरण. म्हणजे टेबलाशी बसलेले गिऱ्हाईक आपल्यासारख्याच गिऱ्हाइकांच्या गर्दीकडे पाहत असते. येथे न्यूयॉर्कचा हिशेब उलटा झालेला दिसतो. सार्डीजमध्ये जेवणावर काम करणारा चित्रकार नामवंतांचे चेहरे काढत होता. मोंडेगारमध्ये नामवंत चित्रकाराने बिननावाच्या माणसांना भिंतीवर बसवले. कलेच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक टिकाऊ ठरतो, कारण पन्नास वर्षांपूर्वीचा नट ओळखण्यासाठी तळटीप लागते, तर मारिओंचा ढेरपोट्या साहेब आणि त्याच्याकडे पाहणारा वेटर यांना ती लागत नाही.

चित्रकार गेला, चित्रे राहिली. मारिओ २०११ मध्ये लोटलीला निवर्तले, आणि जून २०१६ मध्ये मेट्रो हाउसला मोठी आग लागली, तेव्हा भिंतीवरच्या चित्राचे आयुष्य इमारतीच्या आयुष्याशी किती घट्ट बांधलेले असते हे मुंबईलाही दिसले. मोंडेगारच्या भिंतींची मोजमापांसह छायाचित्र-नोंद करून ती एखाद्या सार्वजनिक संग्रहात ठेवण्याचे काम खर्चिक नाही आणि अवघडही नाही. ते शहरातील कला महाविद्यालयांनी हाती घ्यावे, आणि आठ-पंधरा दिवसांची प्रदर्शने भरवणाऱ्या दुकानदारांनीही चित्रे उतरवण्यापूर्वी निदान त्यांची यादी करून ठेवावी.