फोनवर वायफाय पळतं, डेस्कटॉपवर रांगतं. पाचशे रुपयांच्या आत काय करता येईल?

रात्रीचे साडेदहा वाजलेत. अर्ज भरायची आज शेवटची तारीख. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, सगळं स्कॅन करून तयार आहे. पण डेस्कटॉपच्या स्क्रीनवर फिरणारं चक्र काही थांबत नाही. ओटीपी टाकून पान पुढे सरकेपर्यंत त्याची मुदत संपते आणि सगळं पहिल्यापासून सुरू. गंमत म्हणजे त्याच खोलीत, त्याच वायफायवर धाकट्या भावाच्या फोनवर रील्स मात्र सुसाट चाललेल्या असतात.

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं रिठद असो की विदर्भातलं दुसरं कुठलं गाव, घरात डेस्कटॉप असणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पीक विमा, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, पोलीस भरतीचा अर्ज, कॉलेजचा प्रवेश, सगळंच आता ऑनलाइन आहे. मोठा फॉर्म भरायला, टाइप करायला, कागद स्कॅन करून जोडायला डेस्कटॉपच सोयीचा पडतो आणि नेमकं तिथेच नेट अडकतं.

मग पहिला विचार येतो तो महागडा प्लॅन घेण्याचा किंवा नवा राउटर आणण्याचा. पण फोनवर नेट नीट चालत असेल आणि फक्त डेस्कटॉपवरच अडकत असेल, तर दोष बहुतेक वेळा बाहेरून येणाऱ्या लाइनचा नसतो. तो राउटरपासून डेस्कटॉपपर्यंतच्या शेवटच्या काही फुटांत असतो. आणि तेवढं अंतर सुधारायला फार पैसे लागत नाहीत.

डेस्कटॉपवरच वायफाय का रांगतं?

फोनचा अँटेना त्याच्या कडेला असतो. लॅपटॉपचा बहुतेक वेळा स्क्रीनच्या चौकटीत, म्हणजे उंचावर आणि मोकळ्या जागी. डेस्कटॉपचं उलट आहे. त्याचा अँटेना सीपीयूच्या मागच्या बाजूला असतो. सीपीयूचा डबा लोखंडी पत्र्याचा, तो टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला आणि त्याची पाठ भिंतीला टेकलेली. वायफाय म्हणजे शेवटी रेडिओ लहरी. पत्रा त्या लहरी अडवतो आणि परतवतो. म्हणजे सिग्नल खोलीत असतो, पण अँटेनापर्यंत नीट पोहोचत नाही.

गावातल्या घरांची रचना यात आणखी भर घालते. फायबरची वायर रस्त्याच्या बाजूने घरात शिरते, म्हणून राउटर ओसरीत किंवा पुढच्या खोलीत बसतो. डेस्कटॉप मात्र आतल्या खोलीत. मधे जाड मातीची किंवा दगडी भिंत, लोखंडी कपाट, धान्याची कोठी, कधी पाण्याची टाकी. धातू लहरी परतवतो, तर पाणी आणि ओलसर भिंत त्या शोषून घेतात.

पुण्या-मुंबईच्या सोसायटीत वायफाय मंदावतं ते बऱ्याचदा शेजारपाजारच्या वीस-पंचवीस राउटरच्या गर्दीमुळे. गावात घरं सुटी असतात, राउटर कमी असतात. त्यामुळे इथे गर्दीपेक्षा भिंत आणि पत्रा हे मोठे शत्रू आहेत. शहरातल्या लोकांसाठी बनवलेले व्हिडिओ पाहून उपाय करताना हा फरक लक्षात ठेवायला हवा.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

पैसे खर्च करण्याआधी दहा मिनिटांची एक तपासणी करा. तीन ठिकाणी स्पीड मोजायचा आहे. गावात प्रत्येक वेळी वेग वेगळा मिळतो, म्हणून तिन्ही मोजण्या लागोपाठ करा.

पहिली मोजणी: फोन राउटरच्या शेजारी धरून. मोबाइल डेटा बंद ठेवा, फक्त वायफाय चालू.

दुसरी मोजणी: तोच फोन डेस्कटॉपच्या टेबलावर ठेवून.

तिसरी मोजणी: खुद्द डेस्कटॉपवर.

पहिल्याच मोजणीत स्पीड कमी आला, तर दोष लाइनचा किंवा प्लॅनचा आहे. तिथे डेस्कटॉपवर कितीही खर्च केला तरी उपयोग नाही. पहिल्या मोजणीत चांगला आणि दुसऱ्या मोजणीत पडला, तर भिंत आणि अंतर आडवं येतंय. पहिल्या दोन्ही चांगल्या आणि फक्त तिसरी वाईट, तर दोष डेस्कटॉपचा आहे. हाच प्रकार सगळ्यात स्वस्तात सुटतो.

आकडा वाचताना एक गोंधळ होतो. प्लॅनवर लिहिलेला स्पीड मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल डाउनलोड होताना दिसणारा आकडा अनेकदा मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ३० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साधारण पावणेचार मेगाबाइटनेच उतरेल. ती फसवणूक नाही, गणित आहे.

आणि फॉर्म भरायला नेमका किती वेग लागतो? २०२३ पासून भारतात किमान २ एमबीपीएस डाउनलोड असलेल्या कनेक्शनलाच ब्रॉडबँड म्हणता येतं. त्याआधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती. अर्ज आणि दोन-चार कागद अपलोड करायला फार मोठा वेग लागत नाही. लागतं ते न तुटणारं कनेक्शन. दीडशे एमबीपीएस मिळून मधेच तुटणाऱ्या नेटपेक्षा दहा एमबीपीएसचं स्थिर नेट अशा कामाला जास्त उपयोगी.

एक रुपयाही न खर्च करता

सीपीयूची मागची बाजू पाहा. बिल्ट-इन वायफाय असलेल्या डेस्कटॉपला मागे दोन छोटे पितळी स्क्रू दिसतात. त्यावर अँटेना फिरवून बसवायचे असतात. अनेकदा ते खोक्यातच राहून जातात. अँटेनाशिवायही वायफाय जोडलं जातं, म्हणून कुणाला शंका येत नाही, पण सिग्नल जेमतेम मिळतो. खोकं शोधा.

सीपीयू जमिनीवरून टेबलावर घ्या आणि त्याची पाठ भिंतीपासून वळवा. राउटर कपाटामागे किंवा टीव्हीमागे असेल तर खांद्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी टांगा. वायरला थोडा ढील असेल तर दोन हात सरकवल्यानेही फरक पडतो. फक्त फायबरची पिवळी किंवा काळी वायर ओढू नका आणि काटकोनात दुमडू नका. आतली काच तुटली की लाइनमन येईपर्यंत नेट बंद.

दोन नावांतला फरक समजून घ्या. अनेक राउटर दोन वायफाय दाखवतात. एक साधं, तर दुसऱ्याच्या नावापुढे '५जी' लिहिलेलं. याचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही. ते ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचं वायफाय आहे. ते वेगवान असतं, पण भिंतीत लवकर दमतं. साधं २.४ गिगाहर्ट्झ संथ असतं, पण लांब जातं. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ घ्या. मधे दोन भिंती असतील तर २.४ वर राहा.

मागून चालणारी कामं थांबवा. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू केलं की बरेचसे अपडेट आपोआप उतरायचे थांबतात. अर्ज भरून झाला की ते पुन्हा बंद करा, कारण सुरक्षेसाठी अपडेट गरजेचे आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अॅडाप्टरच्या 'पॉवर मॅनेजमेंट'खाली वीज वाचवण्यासाठी अॅडाप्टर बंद करण्याची खूण असेल तर काढून टाका. वायफाय अधूनमधून तुटण्याचं ते एक कारण असतं.

फोनच बनवा वायफाय अॅडाप्टर

फार कमी लोकांना माहीत असलेली युक्ती ही. अँड्रॉइड फोन घरच्या वायफायला जोडा. चार्जिंगच्या डेटा केबलने तो डेस्कटॉपला लावा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोन आता घरचं वायफायच केबलमधून डेस्कटॉपला देतात. मोबाइल डेटा बंद ठेवा, म्हणजे सिमचा डेटा चुकून खर्च होणार नाही.

शेवटच्या तारखेच्या रात्री हा उपाय फुकटात वेळ मारून नेतो. शिवाय निदानही होतं. फोनमार्फत डेस्कटॉपवर स्पीड वाढला, तर डेस्कटॉपचा स्वतःचा वायफाय अॅडाप्टर कमजोर आहे हे पक्कं समजा.

घरात फायबर नसेल आणि सिमच्या डेटावरच काम चालत असेल, तर एक गोष्ट तपासा. बऱ्याच प्लॅनमध्ये रोजचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात सरकारी पोर्टल उघडणंही अवघड. फॉर्म भरायचा असेल त्या दिवशी रील्स आवरा.

शंभर-दोनशे रुपयांत

डेस्कटॉपला नखाएवढा यूएसबी वायफाय अॅडाप्टर लावलेला असेल, तर तो मागच्या पोर्टमधून काढा. साधारण शंभर ते दोनशे रुपयांत दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल मिळते. तिच्या टोकाला अॅडाप्टर लावून तो टेबलाच्या वर, मोकळ्या जागी, राउटरच्या दिशेला ठेवा. पत्र्याचा आडोसा गेला की सिग्नल सुधारतो. केबल फार लांब घेऊ नका, दीड-दोन मीटर पुरे.

आणखी एक बारकावा. यूएसबी ३.० पोर्ट, म्हणजे बहुतेक वेळा आतून निळे दिसणारे पोर्ट, २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये खरखर निर्माण करतात. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं होतं. म्हणून छोटा अॅडाप्टर काळ्या पोर्टमध्ये लावा आणि शेजारच्या निळ्या पोर्टला लावलेली हार्ड डिस्क काम नसताना काढून ठेवा.

दोनशे ते चारशे: सगळ्यात खात्रीचा उपाय

वायफायचा प्रश्न सोडवायचा सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे वायफाय वापरायचंच नाही. जवळपास प्रत्येक डेस्कटॉपला मागे लॅन पोर्ट असतो. राउटरच्या मागेही असतो. दोन्ही जोडणारी दहा मीटरची लॅन केबल साधारण दोनशे ते चारशे रुपयांत येते. भिंत, पत्रा, कोठी, कशाचाच अडथळा राहत नाही.

केबलवर 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' लिहिलेलं पाहा. घरासाठी ५ई पुरेशी आहे. ती १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग नेऊ शकते. दुकानात 'शुद्ध तांबं आहे का' हे विचारा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त असते, पण लवकर तुटते. दाराच्या चौकटीवरून किंवा भिंतीच्या कडेने खिळ्याच्या क्लिपा मारून केबल नेता येते.

एक काळजी मात्र घ्या. ही केबल अंगणातून किंवा पत्र्यावरून दुसऱ्या घरात नेऊ नका. पावसाळ्याच्या तोंडावर विदर्भात विजा पडतात. जवळपास वीज पडली तरी उघड्यावरच्या तांब्याच्या तारेत दाब येऊन राउटर आणि डेस्कटॉप दोन्ही जळू शकतात. ढग गडगडायला लागले की राउटरचा प्लग आणि लॅन केबल काढून ठेवलेली बरी.

पाचशेच्या पुढे जायचंच असेल तर

केबल टाकणं शक्यच नसेल, तर नवा यूएसबी अॅडाप्टर घ्या. साधारण पाचशे ते हजार रुपयांत दोन्ही पट्ट्यांवर चालणारे, म्हणजे ड्युअल बँड अॅडाप्टर मिळतात. बाहेर उभा अँटेना असलेला घ्या. खोक्यावर 'एसी ६००' असं लिहिलेलं असतं. ते ६०० म्हणजे २.४ वरचे १५० आणि ५ वरचे ४३३ यांची गोळाबेरीज. दोन्ही वेग एकाच वेळी मिळत नाहीत आणि प्रत्यक्ष वेग त्याहून बराच कमी असतो. '१५० एमबीपीएस' लिहिलेला सगळ्यात स्वस्त अॅडाप्टर साधारणपणे फक्त २.४ वर चालतो.

रिपीटरचा मोह जपून आवरा. स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. घेतलाच तर राउटर आणि डेस्कटॉपच्या मधोमध लावा. डेस्कटॉपशेजारी लावला तर तो कमजोर सिग्नलच पुढे पाठवेल. आणि वायफाय रिपीटर वेगळा, मोबाइलचा सिग्नल बूस्टर वेगळा. सरकारी परवानगीशिवाय मोबाइल सिग्नल बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे.

लाइनच संथ असेल तर?

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. पण गावापर्यंत पोहोचलेला वेग घरापर्यंत तसाच येईल याची हमी नसते. पहिल्या मोजणीतच स्पीड कमी असेल, तर डेस्कटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून सकाळ, दुपार आणि रात्री असा तीन दिवस मोजा. स्क्रीनशॉट ठेवा. कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. निवारण झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. 'वायफाय चालत नाही' या तक्रारीवर कंपनी घरातल्या भिंतीकडे बोट दाखवते. लॅनवरच्या आकड्यांवर तसं करता येत नाही.

थोडक्यात क्रम असा: आधी तीन मोजण्या, मग अँटेना आणि जागा, मग फोनचं यूएसबी टेदरिंग, मग एक्स्टेंशन केबल किंवा लॅन केबल आणि सर्वात शेवटी नवा अॅडाप्टर. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा स्पीड मोजा आणि काम भागलं की तिथेच थांबा. आणि हे सगळं शेवटच्या तारखेच्या रात्री नाही, चार दिवस आधी करा. त्या रात्री पोर्टलवर सगळा महाराष्ट्र एकदम आलेला असतो. तेव्हाच्या संथपणावर कुठल्याच केबलचा उपाय चालत नाही.