दिवाणखान्यातून निघालेली कविता

आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं रटगर्स विद्यापीठात शिकली. त्याच रटगर्समध्ये तीसेक वर्षं शेक्सपिअर शिकवणारे एक प्राध्यापक होते, मिगेल आल्गारीन. जन्म पोर्तो रिकोचा, बालपण न्यू यॉर्कमध्ये. न्यू जर्सीत शेक्सपिअर शिकवायचा आणि मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेजमधल्या घरी कवी मित्रांची मैफल भरवायची, असा त्यांचा शिरस्ता. 1973 साली त्या दिवाणखान्यात जे सुरू झालं, त्यातून पुढे 'न्यूयोरिकन पोएट्स कॅफे' ही संस्था उभी राहिली. तिचा इतिहास मुद्दाम इथे सांगावासा वाटतो, कारण आपल्या मंडळांना पडणारे बरेचसे प्रश्न त्या मंडळींना आपल्याआधी पडून गेलेले आहेत.

पोर्तो रिकोच्या लोकांना 1917 पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे. त्यामुळे आपल्यासारखी व्हिसा आणि ग्रीन कार्डाची रांग त्यांच्या नशिबी नव्हती. बाकी सगळं मात्र होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते विमानं भरभरून न्यू यॉर्कला आले, आणि 1960 पर्यंत शहरात त्यांची संख्या सहा लाखांच्या वर गेली. पुष्कळसे लोअर ईस्ट साइडला राहिले. या नावाचा स्पॅनिश जिभेवर 'लोइसाइडा' झाला, आणि पुढे अ‍ॅव्हेन्यू सी या रस्त्याला ते नाव अधिकृतपणेही मिळालं! 1970 च्या दशकात मात्र ही वस्ती अगदी रया गेलेली होती. घरमालक इमारती वाऱ्यावर सोडून गेलेले, काही जाळलेल्या, गल्ल्यांत नशेचा धंदा.

आता 'न्यूयोरिकन' या शब्दाविषयी. न्यू यॉर्क आणि पोर्तो रिकन यांची ही भेसळ मुळात हिणवण्यासाठी वापरली जायची. बेटावरचे लोक न्यू यॉर्कमध्ये वाढलेल्या पोरांना म्हणत, यांना धड स्पॅनिश येत नाही आणि धड इंग्रजीही नाही. वाचकांना आपल्याकडचा 'एबीसीडी' हा शब्द आठवला असेलच. आल्गारीन आणि त्यांचे मित्र मिगेल पिन्येरो यांनी तोच शब्द उचलून पाटीवर लावला. 1975 मध्ये दोघांनी 'न्यूयोरिकन पोएट्री' हा संग्रह संपादित केला. त्यातल्या कवितांत एका ओळीत स्पॅनिश, दुसरीत इंग्रजी, तिसरीत दोन्ही. घरात आणि रस्त्यावर बोलतात तीच भाषा. आपल्याकडेही नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 मध्येच आला होता आणि त्यातल्या भाषेने अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काही नाही, पण काळ एकच.

पिन्येरो हे प्रकरण वेगळंच होतं. प्राध्यापकाचा हा जिवलग मित्र तुरुंगवास भोगून आलेला. सिंग सिंग तुरुंगात असताना लिहायला घेतलेलं त्यांचं 'शॉर्ट आइज' हे नाटक 1974 मध्ये न्यू यॉर्कमध्ये गाजलं आणि समीक्षकांच्या पुरस्कारालाही पात्र ठरलं. एक विद्यापीठातला, एक तुरुंगातून आलेला, आणि दोघे एकाच माइकसमोर. कॅफेचा स्वभाव यातून घडला असं मला वाटतं.

दिवाणखाना लवकरच अपुरा पडू लागला. 1975 मध्ये ईस्ट सिक्स्थ स्ट्रीटवरचा एक आयरिश बार भाड्याने घेतला, आणि 1980 च्या सुमारास ईस्ट थर्ड स्ट्रीटवरची 236 क्रमांकाची इमारत चक्क विकत घेतली. हा निर्णय सगळ्यात दूरदृष्टीचा होता. पुढे त्या भागातली भाडी आकाशाला भिडली आणि शेजारचे कितीतरी छोटे अड्डे उठून गेले. कॅफे राहिला. दर वर्षी शाळेच्या हॉलची तारीख मिळवताना होणारी धावपळ ज्या कार्यकारिणीने अनुभवली आहे, तिला याचं मोल वेगळं सांगायला नको.

तरीही ऐंशीच्या दशकात कॅफे काही वर्षं बंद होता. 1988 मध्ये पिन्येरो वारले. त्यांच्या कवितेतल्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा लोअर ईस्ट साइडच्या रस्त्यांवर विखुरण्यात आली. त्याच वेळी कॅफे पुन्हा उघडायचं ठरलं, आणि 1989 मध्ये तो उघडलाही. कवी बॉब होलमन यांनी शुक्रवारच्या रात्री 'पोएट्री स्लॅम' सुरू केला. ही कल्पना मार्क स्मिथ या बांधकाम कामगार कवीने 1980 च्या दशकात शिकागोच्या बारमध्ये रुजवली होती. कवीने स्वतःची कविता सादर करायची, मर्यादा तीन मिनिटांची. प्रेक्षकांतूनच पाच परीक्षक निवडायचे, त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळायचे. तीन मिनिटांवर दहा सेकंदांची सूट, त्यानंतर गुण कापले जातात. (आपल्या मंडळांत हा नियम निदान अध्यक्षीय भाषणाला तरी लागू व्हावा!) परीक्षकांचा अंदाज बसावा म्हणून सुरुवातीला एक कवी स्पर्धेबाहेर वाचतो. त्याला तिथे 'बळी दिलेला कवी' अशा अर्थाचं नाव आहे. गुण आवडले नाहीत तर श्रोते परीक्षकांची खुशाल हुर्यो उडवतात.

पुण्यात 1923 साली रविवारच्या चहाला जमणाऱ्या कवींतून रविकिरण मंडळ झालं. त्यांच्या काव्यगायनावर लोक जीव टाकत आणि अत्र्यांसारखे त्याची टिंगलही करत. कविता कानांनी ऐकायची ही हौस आपल्याला नवी नाही. मग इथल्या मुलांनी अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी कविता म्हटली की 'हे मराठी मंडळात नको' असं का व्हावं? शुद्ध भाषेचा आग्रह धरणाऱ्यांची कळकळ मला समजते. पण मुलांना माइक द्यायचाच नाही, तर त्यांनी यायचं तरी कशाला? कॅफेत तर पुढे केवळ पोर्तो रिकन नव्हे, वाटेल त्या वंशाचे कवी आले. लॅटिन जॅझच्या रात्री झाल्या, नाटकं झाली. 1990 मध्ये तिथला मोठा स्लॅम जिंकला तो पॉल बीटी या कृष्णवर्णीय तरुणाने. पहिलं पुस्तक छापून मिळणं हेच त्याचं बक्षीस. 2016 मध्ये बुकर पारितोषिक मिळवणारा तो पहिला अमेरिकन लेखक ठरला.

आल्गारीन 2020 च्या नोव्हेंबरमध्ये गेले. 2023 च्या अखेरीस ती विटांच्या भिंतींची इमारत मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाली, तेव्हा कॅफेची मंडळी कार्यक्रम घेऊन पुन्हा दुसऱ्यांच्या हॉलमध्ये गेली.