दिंडीची भिशी आणि आमची आई

शताब्दीच्या स्मरणिकेसाठी दिंडीचा इतिहास लिहायचं काम मंडळानं माझ्याकडं दिलं, तेव्हा बुवांच्या घरची जुन्या वह्यांची पेटी मी उचलून आणली. वह्यांत पुष्कळ सापडलं. वीणा कुणाकडून कुणाकडं आली, पखवाजाला कोण होतं, कोणत्या तळावर कुणाचं कीर्तन झालं, बैलगाडीला किती खर्च आला, सगळं ओळीनं लिहिलेलं आहे. पण दोन्ही वेळच्या पंगतीला भाकरी कुणी थापल्या, ते एकाही वहीत नाही. १९७३ च्या पानावर भिशीच्या रकान्यात एवढंच आहे: ‘मूठधान्य, गावाकडून, तीन पोती.’

ती मूठ घरोघर फिरून गोळा करणाऱ्या बायांत आमची आई होती. गाव तिला आक्का म्हणायचं. त्या तीन पोत्यांची हकिकत मला माहीत आहे, म्हणून ती इथं लिहून ठेवतो.

माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी. बाबा आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. पुढं पताका, मग टाळकरी, पखवाज, वीणेकरी आणि मागं तुळस नि पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेल्या बाया, ही दिंडी सगळ्यांना दिसते. आमची आई या दिंडीत फारशी दिसायची नाही. ती पहाटे तीनला बैलगाडीबरोबर पुढं निघायची. दिंडी तळावर पोचेपर्यंत तीन दगडांच्या चुली मांडून, पाणी भरून, पिठलं रटरटत ठेवायचं. दीडशे माणसं असली की एका वेळेला तीनशे भाकरी. लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. आईनं पंचवीसेक वाऱ्या केल्या, पण ते रिंगण तिनं एकदाच पाहिलं. त्या दिवशी गाडीचं चाक मोडलं होतं म्हणून!

आपला माणदेश दुष्काळाला नवखा नाही. पण १९७२ ला पाऊस गेला तो सगळ्या महाराष्ट्रातूनच गेला. विहिरींचे तळ उघडे पडले, दावणीची जनावरं मिळेल त्या भावानं गेली. निम्मा गाव खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर जायचा. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, पण त्याच्या मुळाशी ह्याच दुष्काळी कामांवरच्या लोकांचा घाम आहे. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना कडेनं तुटायची. कामावरच्या पोराबाळांना सुकडी मिळायची. त्या सुकडीची चव माझ्या वयाच्या माणसांना अजून आठवते.

१९७३ च्या चैत्रात बुवांनी मारुतीच्या देवळात गाव बसवला. म्हणाले, “औंदा वारी न्हाई जमायची. माणसाला खायाला न्हाई, बैलं राहिली न्हाईत. पांडुरंगाला हितनंच हात जोडू.” पुरुष माणसं गप्प बसली. आई खांबाआडून बोलली, “बुवा, अजून दोन म्हैनं हायती. घरटी रोज एक मूठ काढू. जमलं तर जावा, न्हाई जमलं तर बसा.”

मूठधान्य आपल्याकडं नवं नव्हतं. चुलीवर तवा टाकायच्या आधी एक मूठ देवाची म्हणून गाडग्यात टाकायची, ही जुनी रीत. आईनं आणि तिच्याबरोबरच्या पाच-सहा बायांनी तिला एक नियम जोडला. ज्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही, त्या घरचं गाडगं उचलायचं नाही. उलट आपल्या पाटीतल्या दोन मुठी तिथं ठेवून यायचं. आणि हे कुठं बोलायचं नाही.

आईला लिहिता येत नव्हतं. जमलेल्या पायलीची रेघ ती जात्यामागच्या भिंतीवर कोळशानं ओढायची. दिलेल्या पायलीची रेघ आडवी. दिंडी निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला रेघा मोजायला लावल्या. मी चौथीत होतो. जमलेलं धान्य साडेचार पोती भरत होतं. बुवांच्या दारात गेली तीन. दीड पोतं गावातल्या बंद चुलींकडं गेलं होतं. वहीत तीनच लिहिली गेली. त्या दिवाळीला भिंतीवर पोतारा फिरला आणि रेघाही गेल्या.

इथं माझीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा इतिहास खोटा होईल. वैशाखातल्या एका दुपारी घरात कुणी नव्हतं. पोटात आग पडली होती. मी दिंडीच्या गाडग्यातला जोंधळा काढला, तव्यावर भाजला आणि खाल्ला. आई कामावरून आली नि तवा बघून तिला कळलं. मला वाटलं, आता मार बसणार. ती काही बोलली नाही. रात्री सगळ्यांना भाकरी वाढली, स्वतः पाणी पिऊन उठली आणि आपल्या वाटणीचं पीठ मोजून तेवढा जोंधळा गाडग्यात परत टाकला. मला तेव्हा तिचा राग आला. पोरापेक्षा दिंडी मोठी का, असं वाटलं. तो राग पुढं बरीच वर्षं माझ्या मनात होता.

त्या साली दिंडी गेली. साठ-सत्तरच माणसं होती, पण खंड पडला नाही.

माझा राग गेला तो दहा-बारा वर्षांनी. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आडात उतरलं आणि गावात हगवणीची साथ आली. दिंडी निघायला दोन दिवस होते. बुवा दारात आले, “आक्का, तुम्ही न्हाई आला तर भटारखाना कोण बघंल?” आई म्हणाली, “पांडुरंग इटंवर उभा हाय, त्यो कुटं जात न्हाई. पोरं मातर जात्याली.” ती राहिली. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंबरोबर आडात टीसीएल पावडर टाकून घेतली. घरोघरी जाऊन आयांना शिकवलं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोटाघोटानं पाजत राहायचं. हगवण लागली की पाणी तोडायचं, अशी तेव्हा बऱ्याच घरांत समजूत होती. त्यावरून आईची म्हाताऱ्यांशी भांडणंसुद्धा झाली. आपल्या आळीतलं एकही पोर दगावलं नाही.

त्या वर्षी आईची वारी चुकली. वहीत तेवढं मात्र नोंदलेलं आहे: ‘आक्का गैरहजर.’

ते दोन शब्द वाचून मी बराच वेळ बसलो. दिंडी मोठी का पोर, हा माझा प्रश्न आईला कधी पडलाच नव्हता. तिच्या लेखी भुकेल्याची भाकरी आणि वारी एकच होती. दुष्काळात वारी राखली तीही तिनंच आणि साथीत वारी सोडली तीही तिनंच.

जनाबाईंचं नाव घेताना आपण त्यांचं दळणकांडण आवर्जून सांगतो. मग आपल्या दिंडीत दळणाऱ्या, थापणाऱ्या, उष्टी काढणाऱ्या बायांना शंभर वर्षांच्या वह्यांत एक ओळ का मिळू नये? हे मी मंडळापुढं मांडलं. मंडळानं मान्य केलं, आणि वीणेकऱ्यांच्या यादीशेजारी भटारखाना सांभाळलेल्या बायांची यादी या स्मरणिकेत छापली आहे. आईचं नाव त्यात आहे. काहींची नावं कुणालाच आठवली नाहीत. त्यांच्यापुढं अमक्याची आई, तमक्याची सून एवढंच लिहावं लागलं. कुणाला ठाऊक असेल तर मंडळाला जरूर कळवावं.

यंदाच्या वहीत मात्र भिशीच्या रकान्यात भाकरी थापणाऱ्यांची नावं रोजच्या रोज लिहायची, एवढी विनंती.

रामकृष्ण हरी.