बालवयात भंगलेला पुढचा दात : उपचारांचा इतिहास आणि रत्नागिरी

वरच्या जबड्यातील मधले कायमचे पटाशीचे दात साधारणतः सातव्या-आठव्या वर्षी उगवतात. याच वयात मूल आंब्यावर चढते, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवरून धावते आणि पडते. तुटलेला दात शरीर पुन्हा घडवीत नाही, कारण दात उगवल्यानंतर एनॅमल निर्माण करणाऱ्या पेशी उरत नाहीत. म्हणूनच या दुखापतीचा इतिहास दीर्घकाळ प्रतीक्षेचाच इतिहास राहिला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढच्या दातावरील प्रतिष्ठित उपचार म्हणजे पोर्सेलिनचे जॅकेट. त्यासाठी दात चोहोबाजूंनी घासावा लागे. मुलाच्या दातातील मज्जेची पोकळी मोठी असते व मुळाचे टोक अपूर्ण असते. त्यामुळे घासताना मज्जा उघडी पडण्याचे भय असे. परिणामी दंतवैद्य एखादे तात्पुरते धातूचे टोपण बसवून मूल मोठे होण्याची वाट पाहत. शाळेची सारी वर्षे ओठ मिटून हसण्यात जात.

रत्नागिरीकरांस तर हा तात्पुरता उपायही सहजसाध्य नव्हता. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये स्थापन झाले आणि दंतवैद्यक कायदा १९४८ मध्ये आला. परंतु मुंबई सव्वातीनशे किलोमीटरांहून दूर. कोकण रेल्वे येईपर्यंत प्रवास आगबोटीचा किंवा घाटरस्त्याचा. न दुखणाऱ्या दातासाठी एवढा खर्च न करणे यास अज्ञान म्हणण्यापेक्षा हिशेब म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

या प्रतीक्षेस छेद दिला तो १९५५ मध्ये. अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने एनॅमलचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत केला असता त्यास ॲक्रिलिक घट्ट चिकटते, हे दाखविले. पुढे राफेल बोवेन यांनी विकसित केलेल्या रेझिनमधून आजचे कंपोझिट साकारले. आता दात घासून लहान करण्याऐवजी उरलेल्या दातावरच भर घालता येऊ लागली. सौंदर्यापेक्षा ही बचतच या शोधाचे खरे महत्त्व होय. मात्र दंतवैद्यकाबाहेरच्या वाचकास ती सहसा ठाऊक नसते. मज्जा उघडी पडली तरी तिचा वरचा अल्प भाग काढून उर्वरित जिवंत ठेवण्याची पद्धती स्वीडनमधील मिओमिर क्वेक यांनी १९७८ मध्ये मांडली. त्यामुळे मुळाची वाढ पूर्ण होऊ शकते. तुटलेला तुकडा सापडल्यास तोच पुन्हा जोडणेही शक्य झाले, मात्र तो ओला राखणे हितावह.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जिल्ह्यातच, खेड येथे दंत महाविद्यालय सुरू झाले. अंतर घटले, तरी पहिला तास शाळेच्या अंगणातच सरतो. मुळासकट निखळलेला कायमचा दात नारळपाण्यात ठेवावा काय, यावर भारतीय संशोधकांनी २००८ मध्ये अनुकूल निष्कर्ष नोंदविले. कोकणास ही गोष्ट सोयीची वाटावी अशीच. परंतु नारळपाणी आम्लधर्मी असल्याने नंतरच्या काही अभ्यासांत त्यास दुजोरा मिळाला नाही, आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पसंती आजही दुधालाच आहे.