'सिंह' शब्दाची कुळकथा

धंतोलीतील आमच्या घरी परवा एका विद्यार्थ्याने विचारले, "हिंसा उलटी केली की सिंह होतो, हे खरे काय?" ही व्युत्पत्ति थट्टेची नव्हे, पतंजलीच्या महाभाष्यांत ती वर्णविपर्ययाचे उदाहरण म्हणून आली आहे. त्याच्याही पूर्वी यास्काने निरुक्तांत ती दिली. परंतु तिच्याआधी त्याने 'सह्' धातु मांडला आहे. वेदभाषेत या धातूचा अर्थ सोसणे एवढाच नसून जिंकणे, पादाक्रांत करणे असा आहे. आर्मेनियन भाषेतील बिबळ्याचा वाचक शब्द 'सिंहा'चा आप्त असावा, असे काही भाषापंडित मानतात. तसे असेल तर दोन्ही धातूंना रजाच द्यावी लागेल.

तथापि अर्थापुरता आमचा कल यास्काच्या पहिल्या पक्षाकडे आहे. मराठींत गुरे मारतो तो वाघ. शेंदूर फासून वेशीवर बसविला तोही वाघच. विदर्भाच्या रानांत भीति त्याचीच. सिंहाच्या वाट्यास आले सिंहासन, आणि मागे वळून पाहणारे सिंहावलोकन. यांत रक्ताचा थेंब नाही!

नरसिंह तरी हिंसेचाच, असे कोणी म्हणेल. त्याने रामटेकास जाऊन तेथील वाकाटककालीन केवल-नरसिंहाचे दर्शन घ्यावे. मांडीवर हिरण्यकशिपु नाही. हाती चक्र घेऊन देव स्वस्थ बसला आहे. त्या विद्यार्थ्यास आम्ही येत्या रविवारी तेथेच नेणार आहों.