बिऱ्हाडातली नाट्यचर्चा
मराठी नटांनी अभिनयाचा विचार फार उशिरा केला, असे म्हणायची पद्धत आहे. ती मला पटत नाही. नाटक मंडळीत नट एकाच बिऱ्हाडात राहत, एका पंगतीला जेवत. तालीम संपली तरी भूमिकेचा काथ्याकूट चालूच राही (भांडणे वेगळीच!). नाटक बसवणारे तालीम मास्तरच सगळे ठरवीत, हा यावरचा आक्षेप निम्माच खरा. ८ जुलै १९२१ च्या ‘संयुक्त मानापमान’ या संगीत नाटकाच्या एकत्रित प्रयोगात बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर समोरासमोर आले, तेही दोन प्रतिस्पर्धी मंडळींतून. तिथे एका मास्तराचा शब्द पुरणार कसा? पदाची पट्टी, टाळीनंतरचा थांबा, ‘वन्समोअर’ किती घ्यायचे, हे नटांनाच आपसांत जुळवावे लागे. गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’ आणि चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ ही त्याच बिऱ्हाडांत घडलेल्या नटांची आत्मचरित्रे आहेत.